आंदणात गेलेल्या मशिनी

खटकचिंचोळी,
मे २००८

प्रिय अंबिका,

'प्रिय' लिहिलं आणि पेन थांबला. दोन वर्षांपूर्वी हा शब्द लिहायची छाती नव्हती, आता हक्क नाही. 'सौ.' लिहून बघितलं, तो कागद फाडून टाकला. तेव्हा राहू दे आहे तसं. हे पत्र मंगलअक्काच्या हातानं येतंय, ब्लाउजच्या कापडात गुंडाळून. तिचा भाऊ भोसरीतच राहतो, त्याच्याकडं जायचं निमित्त करून ती तुझ्याकडं येईल. टपालानं टाकलं असतं तर तुझ्या आधी कुणीतरी फोडलं असतं, आणि फोन तर तुमच्या घरी सासूबाईंच्या कमरेला असतो म्हणे. वाचून झालं की फाडून टाक. लाजण्यासारखं यात काही लिहिणार नाही, तरी फाड.

आधी इकडची खबर. आमच्या बाबांनी उरलेली मेंढरं विकली, पण काठी घेऊन अजून रोज माळाकडं जातात आणि उगीच उभे राहून परत येतात. तुझी आई बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. तुझे अप्पा मला बघितलं की रस्ता बदलतात. मीही बदलतो. त्यामुळं दुसऱ्या रस्त्याला आम्ही परत समोरासमोर येतो. तुझी धाकटी तुळजा नववी पास झाली, वर्गात दुसरी आली. पण तुझ्या अप्पांनी शाळेतून तिचा दाखला काढून आणलाय आणि यंदाच्या शिवण वर्गात तिचं नाव घातलंय. तुला हे कुणी कळवलं का? मला वाटतं नसेल कळवलं. तुळजानं दहावीची जुनी पुस्तकं कुणाकडून तरी मिळवून मंगलअक्काच्या घरी ठेवली आहेत. घरी ठेवली तर रद्दीत जातील म्हणते.

मी अजून अण्णांच्या हातभार मंडळातच आहे. लोक विचारतात, बी.कॉम. कामून सोडलास? मी सांगतो, क्लार्कनं हॉलतिकीट अडवलं, मी शिक्क्याच्या शाईची डबी त्याच्या टेबलावर पालथी केली. ते खोटं नाही. पण त्याच्या आधी किती दिवस मी वर्गात गेलोच नव्हतो, हे क्लार्कलाही माहीत होतं. तू मंडळात शिवण शिकवायला लागलीस आणि मला बसवकल्याणच्या कॉलेजात बाकावर बसवेना. दुपारच्या बसनं परत यायचो आणि मंडळाच्या पायरीवर बसून राहायचो. आत मशिनींची खडखड आणि मधूनच तुझं, "ओढू नको गं दोरा, येऊ दे त्याला त्याच्या चालीनं." अण्णा एकदा बाहेर आले आणि म्हणाले, "पायरी झिजवायलास पिराज्या, त्यापेक्षा कामाला लाग." लागलो. कशासाठी लागलो ते अण्णांना समजलं होतं, तुलाही समजलं असणार. तू कधी तसं दाखवलं नाहीस एवढंच.

आता जे घडलं ते सांगतो. ज्या संस्थेच्या पैशावर आपला शिवण वर्ग चालतो तिथल्या एक बाई बंगळूरहून आल्या. पुढची तीन वर्षं पैसा द्यायचा का, ते ठरवण्याआधी त्यांना वर्गाचं मूल्यमापन हवं होतं. अण्णांना मूल्यमापन म्हणजे काय वाटलं ते तुला सांगायला नको. मांडव घातला. बाईंना फेटा, शाल, नारळ. उप्पिटाचं पातेलं. शिकून गेलेल्या पोरींपैकी ज्या माहेरी आल्या होत्या त्या, नव्या पोरी, त्यांच्या आया, सगळ्या सतरंजीवर. बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, अण्णांनी माईकवर मराठीत केलं, "फायदा झाला का गं पोरींनो? झाला त्यांनी हात वर करा." सगळे हात वर! बंडेप्पा उप्पिटासाठी मागं येऊन बसला होता, त्याला पोरगीच नाही, त्यानं दोन्ही हात वर केले. मी हसलो. पण बाई हसल्या नाहीत. जेवून जाताना गाडीपाशी अण्णांना म्हणाल्या, पाहुण्याला फेटा बांधून विचारलं तर हात वरच होणार. ज्या शिकून गेल्या त्यांच्या घरी जा, वर्ग अर्धा सोडला त्यांच्याकडं जा, आणि वर्गाला कधी आल्याच नाहीत अशा त्याच वयाच्या पोरींकडंही जा. मग तिघींत काय फरक पडला ते मला लिहून पाठवा.

अण्णांना राग आला. आलेल्या पाहुण्यानं असं बोलायचं असतं का? तरी काम करायला लागणारच होतं. मला मोटरसायकल येते, मराठी, कन्नड, दख्खनी तिन्ही येतं, आणि पोरींच्या सासरी मी माहेरच्या गावचा भाऊ ठरतो, म्हणून मला धाडलं. सोबत मंगलअक्का, कारण एकट्या पोराला कुठली सासू सुनेशी बोलू देईल? निघताना अण्णा म्हणाले, "चांगलं चांगलं आण बघ." मी म्हणालो, "अण्णा, खरं आणू का चांगलं?" ते म्हणाले, "दोन्ही एकच हाय रे." त्यांचा त्यावर विश्वास होता, अंबिका. त्यांची थोरली बहीण नवरा वारल्यावर एका मशिनीवर जगली, पोरं वाढवली. त्यांच्या डोळ्यांपुढं मशीन म्हणजे ती अक्काच. म्हणून तर वर्ग पुरा करणाऱ्या प्रत्येक पोरीला मंडळातर्फे मशीन फुकट.

निंबर्ग्याला पहिलं घर. मोठं घर, ओसरीवरच मशीन, तिच्यावर विणकामाचा रुमाल, रुमालावर टीव्ही. सासू आनंदानं दाखवायला लागली. सून शिकलेली आहे, सर्टिफिकेट आहे, फोटोही आहे. मी विचारलं, शिवते का? सासूच्या कपाळाला आठी पडली. "लोकाचं शिवायला आमच्या घरात काय कमी हाय व्हय? सुनंच्या मशिनीवर जगायलाव म्हणतील की गावात." मंगलअक्कानं हळूच विचारलं, अंगातलं ब्लाउज कुठं शिवलंय? आळंदच्या टेलरकडं. दुसऱ्या घरी मशीनच नव्हती. नणंदेच्या लग्नात आंदण म्हणून दिली. आम्ही त्या नणंदेच्या गावी गेलो, तिथून ती तिच्या चुलत जावेच्या लेकीला गेली होती, बसवकल्याणकडं. तिथं एकदाची सापडली. आपल्या पेंटरनं पिवळ्या रंगात लिहिलेलं 'हातभार मंडळ' लाल रंगानं झाकलं होतं, पण 'हा' खालून दिसत होता. तीन लग्नं झालेली मशीन, आणि सुई अजून कागदाच्या पुडीत. मी पेटलो. त्या घरच्या म्हाताऱ्याला वाटेल ते बोललो. मंगलअक्कानं दंडाला धरून बाहेर काढलं नसतं तर मार खाऊन आलो असतो.

मग ओळीनं तसंच. कुठं आंदणात आलेली, कुठं आंदणात गेलेली. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आता सरळ विचारतात, पोरीनं अण्णांचा क्लास केलाय का? अंकुशराव म्हणून एक बाप भेटला, गरीब, सज्जन माणूस. चहा दिला, हात जोडले, "अण्णांचे लई उपकार हायत. आंदणाची काळजी मिटली. म्हणून तर पोरगी आठवीतनं काढून क्लासात घातली, क्लास झाला की लगेच लगीन लावून दिलं." तो आभार मानत होता आणि मी भांड्यातल्या चहाकडं बघत होतो. त्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्याची पोरगी क्लासला कधीच आली नाही, वय तेच. ती यंदा दहावी झाली, अजून घरी आहे, पुढं शिकते म्हणते. पुढच्या गावी तेच, त्याच्या पुढच्या गावीही तेच. बाईंनी न आलेल्या पोरींना विचारायला कामून सांगितलं ते तेव्हा कळलं. आपल्या मशिनीनं पोरी लवकर उजवल्या जायला लागल्या, अंबिका. आपण दिलेल्या वस्तूनं. सोळा पुरी न झालेली एक पोर कडेवर लेकरू घेऊन दारात उभी राहिली, मला 'दादा' म्हणाली. तिला तूच काजं करायला शिकवलं होतंस.

तुझं लग्न मला या फिरण्यात रोज आठवायचं. मांडवात अण्णांनी माईकवर सांगितलं होतं, आमच्या अंबिका टीचरला मंडळातर्फे मशीन भेट, टाळ्या वाजवा. बँडवाल्यांनी मधेच ढोल बडवला. निघताना टेम्पोत सामान चढवायला माणूस कमी पडत होता, तुझ्या मामानं मलाच हाक मारली, "ए पिराजी, लाव की हात, उभा कामून?" लावला. कपाट, गादी, भांडी, आणि शेवटी मशीन. लोखंडी पाय माझ्या खांद्यात रुतला होता. त्या वेळी मला फक्त तू चाललीस एवढंच कळत होतं. खांद्यावर काय आहे ते बघितलंच नाही.

पोरींना एकटं गाठायला मंगलअक्कानं युक्ती काढली. "मला जरा हापसा दाखव गं" म्हणून ती सुनेला बाहेर घेऊन जायची, आणि मी सासूला पावसापाण्याचं, बाजाराचं विचारत गुंतवून ठेवायचो. (एका सासूनं मला सोयरीकच सुचवली.) हापशावर पोरी काय बोलल्या ते अक्का मला वाटेत सांगायची. त्यातलं एक लिहितोच. वर्गानं तुला काय दिलं असं विचारल्यावर एक पोरगी घागर भरून वाहायला लागली तेव्हा कुठं म्हणाली, "अक्का, तिथं दुपारी दार लावून आम्ही मोठ्यानं बोलायचो. अंबिका टीचर कधी गप बसा म्हणली न्हाई." दुसरी म्हणाली, मशीन नको होती, ती खोली पाहिजे होती. खरंच शिवून चार पैसे मिळवणाऱ्या पोरी सापडल्या त्या सगळ्या चिंचोळीतल्याच, लग्न न झालेल्या किंवा माहेरी राहिलेल्या, ज्या अजून मंडळाच्या खोलीत येऊन तिथल्याच मशिनीवर शाळेचे गणवेश शिवतात. म्हणजे वर्गात चांगलं होतं ते खोलीत होतं, आणि तुझ्यात होतं. घरी जाणाऱ्या मशिनीनं घात केला. हे मी अहवालात लिहिलं: मशीन घरी देऊ नका, अठराच्या आत आणि शाळा सोडून कुणाला घेऊ नका, खोली दिवसभर उघडी ठेवा.

अण्णांनी ते वाचलं. आधी ओरडले, मला वाटलं बरं झालं, आता भांडता येईल. मग चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "हे पाठवलं तर पैसा बंद व्हईल. ते असू दे. पण पिराजी, इतकी वर्सं मी लोकाच्या पोरी कच्च्या वयात उजवायला लावलो म्हणतोस का तू?" त्यांची बहीण अजून जिवंत आहे, रोज त्यांना जेवायला वाढते. शेवटी म्हणाले, ह्या पोरी भोळ्या आहेत, हापशावर काहीबाही बोलल्या असतील. अंबिका वर्गाची पहिली टीचर, ती खोटं बोलणार नाही. तिला विचारा. ती म्हणेल ते मी मानतो. वर्ग बदलायचा का तसाच चालवायचा, तिच्या शब्दावर.

म्हणून गेल्या महिन्यात मंगलअक्का तुझ्याकडं आली होती. मीही आलो होतो. तुला अक्कानं सांगितलं नसेल, मीच नको म्हणालो. मी तुमच्या बिल्डिंगच्या समोर चहाच्या टपरीवर बसून होतो. तुझे मालक खाली दूध घ्यायला आले. निळा शर्ट, कंपनीचं नाव खिशावर, डोळे जागरणानं लाल. रात्रपाळी करून आलेला माणूस. त्याला बघून मला राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला. एका म्हातारीची पिशवी त्यानं जिन्यापर्यंत उचलून नेली. तेही माझ्या नशिबात बघायचं होतं. वर अक्काला तू पोहे केलेस, हे तिनंच मला नंतर सांगितलं. एकच खोली, दिवाणावर सासूबाई. मशीन कोपऱ्यात, वर अंथरुणांची चळत. दिवसा ते झोपतात, खडखडीनं जाग येते, म्हणून लावत नाही, असं तू सांगितलंस. अक्कानं विचारलं, फायदा झाला का गं? तू सासूबाईंकडं बघितलंस आणि म्हणालीस, "लई फायदा झाला अक्का. सगळं बरं हाय." त्या घरात हापसा नव्हता, त्यामुळं पुढं काही विचारता आलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी उमरग्यापर्यंत बडबडत होतो, ती खोटं बोलली, ती सुखात नाही, मशिनीच्या बेड्या घातल्यात तिला, काय नि काय. अक्का ऐकत होती. मग म्हणाली, "तू अहवाल लिहायलास का अंबिकाला परत आणायलास? ती सुखात हाय म्हणली तर तुझं पोट दुखायलंय. तुला ती रडलेलीच पायजेल." बसमधली माणसं वळून बघायला लागली. मी खिडकीकडं तोंड केलं. अक्का खोटं बोलत नव्हती. इतक्या घरी मी गेलो, पण अमुकच उत्तर यावं असं मनात धरून गेलो नव्हतो. तुझ्या एकटीच्या दारात ते धरून गेलो, म्हणून तुझ्यापुरता माझा शब्द कुणी मानायचा नाही, मीसुद्धा. अण्णांनी तुझं उत्तर ऐकलं आणि त्यांचा चेहरा किती दिवसांनी फुलला. त्यांनी माझा अहवाल बाजूला ठेवला. जूनमध्ये वर्ग पहिल्यासारखाच सुरू होतोय, नव्या मशिनी येऊन पडल्यात, पेंटर नाव घालतोय.

म्हणून लिहितोय. सगळ्या पोरींना विचारलेलं तेच तुला विचारतो, या कागदात दिवाणावर कुणी बसलेलं नाही, अक्काही तुझ्या तोंडाकडं बघणार नाही, आणि मी तर दोन जिल्ह्यांपलीकडं आहे: त्या वर्गानं, त्या मशिनीनं तुझं काय झालं? उत्तर मला लिहू नकोस. अण्णांच्या नावानं लिही आणि पाकीट चिकटवून अक्काकडं दे, मी ते फोडणार नाही. तू खरंच सुखात असशील तर तसंच लिही. मी ते ऐकेन, माझ्या अहवालात माझ्या हातानं लिहीन, आणि परत तुझ्या बिल्डिंगसमोर येऊन बसणार नाही. पण पाहुण्यांपुढं म्हणायचं म्हणून तू 'बरं' म्हणाली असशील, तर ते परत घे. अण्णा तुझ्या एका शब्दावर थांबलेत. काल तुझ्या अप्पांनी पेंटरच्या शेजारी उभं राहून तुळजासाठी मशीन निवडली, हिरवी. तिनं मला विचारलं, "दादा, ताईनं बरं हाय म्हणलं न्हवं? मग माझंबी बरंच व्हईल की." तिला खरं काय ते तू सांग.

ज्याला हे विचारायचा हक्क नाही, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही असा तुझाच,
पिराजी